बार्तालींच्या सायकलच्या नळीतले कोडे : एका जिओकॅशची रचना

इटलीचे सायकलपटू जिनो बार्ताली यांच्या जीवनावर कोड्याची जिओकॅश (कोडे सोडवून मिळालेल्या अक्षांश-रेखांशांवर जाऊन शोधायची लपवलेली डबी) रचायला बसले की पहिला मोह होतो तो त्यांच्या विजयांची बेरीज-वजाबाकी करण्याचा. इटलीची टप्प्याटप्प्यांची शर्यत जिरो द'इटालिया तीन वेळा (१९३६, १९३७ आणि १९४६), तशीच फ्रान्समधली टूर द फ्रान्स दोन वेळा (१९३८ आणि १९४८), मिलान–सान रेमो ही एकदिवसीय शर्यत चार वेळा. हे आकडे सूत्रात भरले की अक्षांश-रेखांश तयार होतात. मात्र असे कोडे कोणत्याही विजेत्यावर बेतता येते आणि सोडवणारा बार्तालींची ओळख करून न घेताच डबीपर्यंत पोहोचतो. मला विचाराल तर कोड्याची किल्ली त्या यादीतल्या रिकाम्या वर्षांत ठेवावी.

महायुद्धामुळे १९४१ ते १९४५ या पाच वर्षांत जिरो झालीच नाही. जर्मन फौजांनी व्यापलेल्या इटलीत, १९४३-४४ च्या सुमारास, बार्ताली सरावाच्या निमित्ताने फ्लॉरेन्स ते असिसी असा लांबचा पल्ला सायकलने गाठत, आणि ज्यूंचे प्राण वाचवण्यासाठी केलेली बनावट ओळखपत्रे सायकलच्या नळ्यांमध्ये दडवून नेत. ज्यूंच्या वंशसंहाराची स्मृती जपणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने २०१३ मध्ये त्यांचा मरणोत्तर गौरव केला तो याच कामासाठी. वरून साधी सायकल आणि आत कागद, हीच आपल्या कोड्याची रचना असावी.

सर्वप्रथम जागा ठरवावी, जागामालकाची परवानगी घ्यावी, आणि मगच कोडे लिहावे. उलट क्रमाने गेल्यास सूत्रातून येणारा बिंदू भलत्याच ठिकाणी पडतो. अशा डब्यांची नोंद ठेवणाऱ्या जिओकॅशिंग डॉट कॉम या संकेतस्थळाच्या नियमांनुसार डबी दुसऱ्या कॅशच्या डबीपासून किमान १६१ मीटर दूर असावी लागते, कोड्याचा जाहीर केलेला बिंदू खऱ्या जागेपासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आत असावा लागतो, आणि जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबीसाठी जमीन खणता येत नाही. जागेचे मोजमाप दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी घेऊन त्यांची सरासरी काढावी.

अक्षांश-रेखांशांचे अंश आणि पूर्ण मिनिटे उघड द्यावीत. लपवायचे ते मिनिटांच्या दशांश चिन्हानंतरचे तीन-तीन असे सहा अंक. संकेतस्थळावरील कॅशच्या पानावर बार्तालींची कारकीर्द वर्षवार लिहावी, एका वर्षाला एक वाक्य. १९४१ ते १९४५ च्या पाच वाक्यांतील शब्दसंख्या म्हणजे पहिले पाच अंक. उदाहरणार्थ, १९४३ साठी 'सरावाच्या निमित्ताने ते फ्लॉरेन्सहून असिसीपर्यंत सायकल चालवीत' हे वाक्य घेतले, तर त्यात सात शब्द आहेत आणि अंक ७ मिळतो. शून्य हवे असेल तेथे दहा शब्दांचे वाक्य लिहावे आणि शेवटचाच अंक धरावा, एवढी सूचना द्यावी. अक्षरे मोजायला मुळीच सांगू नये. जोडाक्षर एक धरायचे की दोन, यावर दोन शहाणी माणसे दोन उत्तरे काढतात. याच कारणासाठी या पाच वाक्यांत जोडरेषेचा शब्द किंवा आकड्यात लिहिलेली संख्या ठेवू नये.

सहावा अंक पुनरागमनाचा असावा. पहिल्या विजयानंतर दहा वर्षांनी, १९४८ च्या टूरमध्ये, बार्तालींनी सात टप्पे जिंकले. त्या सातात ठरावीक संख्या मिळवून किंवा वजा करून आपल्या जागेचा शेवटचा अंक जुळवावा. हा अंक शेवटी ठेवण्यामागे हिशेब आहे. अक्षांशाच्या मिनिटातील पहिला दशांश एकाने चुकला तर माणूस सुमारे १८५ मीटर भरकटतो, तिसरा चुकला तर दोन मीटरांपेक्षाही कमी. म्हणून ज्यात शोधाशोध करावी लागते ते उत्तर शेवटच्या स्थानी बसवावे. अंक एक-दोनाने चुकल्यास बिंदू रेल्वेरुळांवर किंवा कोणाच्या अंगणात तर पडत नाही ना, हेही नकाशावर पाहून घ्यावे.

ज्यांची उत्तरे वादग्रस्त आहेत अशा गोष्टी सूत्रात घेऊ नयेत. १९५२ च्या टूरमधील प्रसिद्ध छायाचित्रात बार्ताली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी सायकलपटू फाउस्तो कोप्पी यांच्या हातांत पाण्याची एकच बाटली आहे, आणि ती कोणी कोणाला दिली यावर आजही एकमत नाही. मी एकदा नेमका हाच प्रश्न घातला होता आणि चांगल्या, जाणत्या लोकांना विनाकारण वणवण करायला लावले. त्याची खंत मला अजून वाटते. बार्तालींमुळे किती जीव वाचले, हा आकडाही सूत्रात नसावा. तो मोजदादीचा खेळ करण्याचा विषय नव्हे.

डबीसाठी सायकलच्या नळीचा तुकडा घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे, परंतु दोन्ही टोके बंद केलेला धातूचा नळ सार्वजनिक जागी स्फोटकासारखा दिसतो. त्याऐवजी झाकणाला रबरी कडे असलेली पारदर्शक, जलरोधक डबी घ्यावी आणि तिच्या आत दोन्ही टोकांनी उघडा असा नळीचा बोटभर तुकडा ठेवावा. तुकड्याच्या कडा कानशीने घासून बोथट कराव्यात. नोंदीचा कागद गुंडाळून त्या तुकड्यात सरकवला की उघडणाऱ्याला तो चिमटीने अलगद बाहेर ओढावा लागतो, आणि पानावर वाचलेली गोष्ट त्याच्या बोटांना कळते. नोंद करणाऱ्यांसाठी पानावर एक योगायोगही लिहावा : जगातली पहिली जिओकॅश ३ मे २००० रोजी ओरेगॉनमध्ये ठेवली गेली, आणि बार्तालींचे निधन झाले ५ मे २००० रोजी.

उत्तर पडताळण्याची सोय पानावर अवश्य द्यावी. इशारा म्हणून 'जिंकलेली वर्षे सोडा, न झालेल्या शर्यती पाहा' एवढे पुरते. प्रसिद्ध करण्यापूर्वी बार्तालींविषयी काहीही माहीत नसलेल्या एका माणसाकडून कोडे सोडवून घ्यावे, आणि तो मोजत असताना शेजारी गप्प बसावे. तो एखाद्या वर्षाच्या वाक्यावर अडखळला, तर तेवढेच वाक्य शब्दसंख्या न बदलता नव्याने लिहावे.