घरी पहिल्यांदा पारायण ठेवताय? 'श्रीगजाननविजय' वाचायची आमच्या घरची रीत

लग्न होऊन नागपूरच्या महाल भागातल्या या घरात आले, त्याच वर्षी शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, म्हणजे ते शेगावात पहिल्यांदा दिसले त्या तिथीला, मी एकटीने त्यांच्या पोथीचं पारायण केलं होतं. माघ वद्य सप्तमी. पहाटे पाचला पोथी उघडली आणि अकरा वाजायच्या आत एकवीसही अध्याय संपवून उठले. सासूबाई माहेरच्या बाळापूरच्या, महाराजांची पोथी त्यांना जवळपास पाठ. त्यांनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "झालं का? मग सांग बरं, भाऊ कवराच्या शिदोरीत काय काय होतं?" मला सांगता आलं नाही. सोळावा अध्याय मी तासाभरापूर्वीच वाचला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "वाचून राहिली होती का धावून राहिली होती?"

त्यानंतर त्यांनी मला पोथी वाचायला शिकवली. त्या आता नाहीत. वस्तीतल्या नव्या सुना, नोकरीवाल्या मुली दरवर्षी विचारायला येतात, "काकू, पहिल्यांदाच ठेवतो आहे, कसं करू?" त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी दिवस ठरवा. दशमी, एकादशी आणि द्वादशी असं तीन दिवसांचं पारायण पोथीच्या शेवटच्या अध्यायातच सांगितलं आहे. रोज सात अध्याय येतात. गुरुपुष्याच्या, म्हणजे गुरुवारी पुष्य नक्षत्र येतं त्या दिवशी एका बैठकीत वाचणारेही पुष्कळ आहेत. सप्ताह केला तर रोज तीन. पण पहिलीच वेळ असेल तर माझं ऐका, रोज एक असे एकवीस दिवस करा. एका अध्यायाला पंचवीस मिनिटं लागतात, फार तर अर्धा तास. दिवेलागणीला बसलात तर घरातले सगळे सापडतात. साडेतीन हजारांवर ओव्या आहेत, एका दिवसात वाचल्या तर नवख्याच्या जिभेवरून जातात आणि कानात काही उरत नाही. हे मी स्वतः भोगलं आहे.

एकवीस बायकांनी दर गुरुवारी एकेक अध्याय वाटून घ्यायचा, अशी साखळी पारायणं हल्ली खूप होतात. कामावर जाणाऱ्यांना तीच जमतात. फक्त दर गुरुवारी अध्याय पुढे सरकवा. आमच्या गटात एका बाईकडे वर्षभर अकरावाच होता. तिला भास्कर पाटलाचा अंत तोंडपाठ, पण अकोलीच्या शेतात त्याची महाराजांशी पहिली गाठ कशी पडली हे ठाऊकच नव्हतं. कोरड्या विहिरीला पाणी लागलं आणि महाराजांना पाणी नाकारणारा तोच शेतकरी घरदार सोडून महाराजांमागे निघाला. हे पाचव्या अध्यायात वाचलेलं असलं, तरच अकरावा वाचताना गळा दाटतो.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करूनच बसा. चैत्र-वैशाखात कूलर लावला की वाचणारीचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंतही पोचत नाही आणि बंद केला तर म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. म्हणून आम्ही एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचला बसतो आणि ऊन चढायच्या आत उठतो.

मांडणी फार करू नका. चौरंगावर धुतलेलं वस्त्र, महाराजांचा फोटो, समई, उदबत्ती, फुलं एवढं पुरतं. फुलं आदल्या संध्याकाळी बर्डीवरून (सीताबर्डीवरून) आणावी, सकाळी धावपळ होत नाही. संकल्प आपल्या भाषेत सोडा. आपलं नाव, किती दिवसांचं पारायण आणि मनात काय आहे ते हात जोडून सांगायचं. मागणं असेल तर मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मध्ये अडचण आली आणि एखादा दिवस चुकला तर घाबरून सोडून देऊ नका. घरातल्या दुसऱ्या कुणी तो अध्याय वाचावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोन वाचावे. सासूबाईंनी मला भीती कधी घातली नाही, मीही कुणाला घालत नाही.

वाचायचं कसं

दासगणू महाराजांनी ही पोथी 1939 साली शेगावात लिहिली. भाषा सोपी आहे, लिहिण्याची धाटणी मात्र जुनी. तें, जें, नाहीं अशा शब्दांवरचे अनुस्वार उच्चारायचे नसतात. शाळकरी मुलं ते नाकात म्हणतात आणि सगळी लय बिघडते. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा आखूड असतो. त्या आखूड चरणावर थांबून श्वास घ्या. चालीचा आग्रह नको. गळा गोड असणारी बाई चालीत रमली की ऐकणाऱ्यांचं लक्ष गळ्याकडे जातं.

नुसतं तोंडाने बोलणं वेगळं आणि ते अंगी असणं वेगळं, याच्यावर आठवा अध्याय आहेच. ब्रह्मगिरी गोसावी शेगावात येऊन गीतेतल्या 'नैनं छिन्दन्ति शस्त्राणि' (आत्म्याला शस्त्र कापत नाही, अग्नी जाळत नाही) या श्लोकावर प्रवचन करत होता. चिलमीची ठिणगी पडून महाराज बसले होते तो पलंग पेटला. महाराज शांत बसून राहिले आणि त्याला म्हणाले, ये, तूही बस, अग्नी जाळत नाही म्हणून सांगतोस ना. मोठ्याने वाचणाऱ्या प्रत्येकीने हा अध्याय आधी स्वतःसाठी वाचावा.

अडणारे शब्द पेन्सिलने अधोरेखित करा आणि अध्याय सुरू व्हायच्या आधी अर्थ सांगा. पहिल्या अध्यायात 'शितें' येतं, म्हणजे शिजलेल्या भाताचे कण. देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळी टाकल्या होत्या, त्यांतली शितं वेचून महाराज खात होते. 1878 च्या माघातली ही गोष्ट. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत रस्त्याने जात होते, त्यांनी हे पाहिलं. भुकेला असता तर मागितलं असतं, हा कुणी वेगळाच आहे, हे बंकटलालाने ओळखलं. पंत पाणी आणायला गेले तोवर महाराज जनावरांच्या हौदावर पाणी पिऊनही आले होते. 'शितें'चा अर्थ कळला नाही तर पोरांना हे चित्र दिसतच नाही.

सहाव्या अध्यायात 'आगटी' आहे, म्हणजे शेकोटी. मक्याची कणसं भाजायला बंकटलालाच्या मळ्यात आगट्या पेटवल्या, धुराने मधमाशा उठल्या, सगळे पळाले. महाराज हलले नाहीत. अंगभर काटे रुतले होते. ते चिमट्याने काढायला सोनार आणला, तेव्हा महाराजांनी श्वास रोखून धरला आणि काटे आपोआप वर आले. महाराज योगी होते म्हणजे काय, असं मुलं विचारतात. मी त्यांना आसनं-प्राणायामाचं सांगत बसत नाही, हा अध्याय वाचून दाखवते. त्याच अध्यायात मधमाशांना ते रागावत नाहीत, पळून गेलेल्या भक्तांना मात्र लाडू खायला सगळे आणि संकटात कुणी नाही, अशा अर्थाचं समजावतात. ते वाचताना थोडं थांबावं.

चिलमीबद्दल मुलं हमखास विचारतात, ते टाळू नका. तिसऱ्या अध्यायात काशीचा गोसावी नवस फेडायला आला होता, त्याच्या हट्टासाठी ती प्रथा पडली आणि महाराजांना तिची आसक्ती नव्हती, असं पोथीच सांगते. मी तेवढंच सांगते. आपण करायच्या गोष्टी आणि संतांनी केलेल्या गोष्टी यांत फरक आहे, हे बारा वर्षांच्या पोरालाही कळतं.

प्रत्येक अध्यायानंतर पोथी मिटून पाच मिनिटं बसा आणि कुणीतरी एकाने तो अध्याय आपल्या शब्दांत सांगा. हे सासूबाईंचं. सुरुवातीला कुणी तोंड उघडत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी पोरं भांडतात, आज मी सांगणार म्हणून. मग 'गण गण गणात बोते' अकरा वेळा. जीव आणि ब्रह्म वेगळे नाहीत, असा त्याचा अर्थ आमच्याकडे सांगतात.

नैवेद्य

इथे मी कडक आहे. पारायणाला पनीरची भाजी, दोन गोड पदार्थ आणि मठ्ठा ठेवलेला मी पाहिला आहे. करणारीचा भाव चांगला असेल, पण मग तिचा शेवटचा दिवस गॅससमोर जातो आणि समाधीचा अध्याय तिच्या कानावर पडत नाही.

भाऊ कवर अकोल्याचा, हैदराबादेत डॉक्टरकी शिकणारा गरीब मुलगा. आई लहानपणीच गेलेली. आपल्याजवळ महाराजांना द्यायला काय आहे, म्हणून झुरत होता. भावजयीने भाकरी, बेसन, अंबाडीची भाजी, कांदे, हिरव्या मिरच्या बांधून दिल्या आणि स्टेशनवर पोचतो तर बाराची गाडी गेलेली. शेगावला पोचायला चार वाजले. मठात त्या दिवशी पक्वान्नांचे नैवेद्य येऊन पडले होते आणि महाराज एकाही ताटाला हात न लावता बसून होते. भाऊची भाकरी आली तेव्हा जेवले.

म्हणून आमच्याकडे ज्वारीची भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी, ठेचा, कांदा. अंबाडी ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची आणि वरून लसणाची फोडणी. थंडीत कॉटन मार्केटला ताजी मिळते. हिवाळ्यात वाळवून ठेवली तर उन्हाळ्यातही होते, फक्त आधी भिजवून पाणी फेकावं, नाहीतर फार आंबट लागते. पिठल्याला गाठी होऊ नयेत म्हणून बेसन थंड पाण्यात कालवून घ्या. वीस माणसांना पन्नास भाकऱ्या धरा. भाकऱ्या एकटीने थापू नका, शेजारच्या तिघी-चौघींनी दहा-बारा करून आणाव्यात. प्रत्येकीच्या भाकरीची चव वेगळी लागते आणि ती चांगली लागते.

पत्रावळ्या पळसाच्या घ्या. वाढताना थोडं वाढा, पुन्हा विचारा. आमच्याकडे पंगत उठली की सगळ्यात लहान मुलगा पत्रावळ्या पाहत फिरतो, कुणाच्या पानात शित राहिलं आहे का. कुणाला रागवायचं नाही, त्याने फक्त पाहायचं. पहिला अध्याय ऐकलेला असतो, त्यामुळे मोठी माणसं आपणहून पान पुसून खातात.

शेवटचे अध्याय

नागपूरकरांनी एकोणिसावा सावकाश वाचावा. त्यात आपलं गाव आहे. श्रीमंत गोपाळ बुटींनी महाराजांना नागपूरला, सीताबर्डीवर आपल्या घरी आणलं. पंगती उठत होत्या, भजनं होत होती आणि शेगाव ओस पडलं होतं. मग शेगावचे हरी पाटील माणसं घेऊन त्यांना न्यायला आले. महाराजांना इथेच राहावं असं बुटींना वाटत होतं आणि महाराजांना शेगावला जायचं होतं. जाताना ते राजे भोसल्यांकडे गेले, रामटेकला रामाचं दर्शन घेतलं. बर्डीवर फुलं घेताना दरवेळी माझ्या मनात येतं, याच वस्तीत कुठेतरी ते बसले होते.

याच अध्यायात महाराजांचे शिष्य बाळाभाऊ यांच्या प्रश्नावर कर्म, भक्ती आणि योग या तीन वाटांचं उत्तर आहे. बाहेरून निराळ्या, पोचतात एकाच ठिकाणी. दत्तभक्त संन्यासी वासुदेवानंद सरस्वती सोवळ्याओवळ्याचे कडक आणि महाराज दिगंबर, तरी दोघं भेटले तेव्हा एकमेकांना पाहून आनंदले. घरात एक उपास काटेकोर करणारी आणि एक काहीच न पाळणारी अशा जावा असतील, तर हा भाग दोघींना शेजारी बसवून ऐकवा.

आणि याच अध्यायात समाधी. 8 सप्टेंबर 1910, गुरुवार, ऋषिपंचमी. हा अध्याय वाचणारी आधीच ठरवून ठेवा आणि शेजारी दुसरीला बसवा. आमच्याकडे दरवर्षी वाचणारीचा आवाज मध्येच बंद होतो आणि पुढची ओवी दुसरी उचलते.

विसावा-एकविसावा समाधीनंतरच्या अनुभवांचे आहेत, ते झाले की आरती आणि पंगत. जमलं तर त्याच आठवड्यात शेगावला जाऊन या. मुंबईकडे जाणारी विदर्भ एक्सप्रेस शेगावला थांबते. वर्धा, बडनेरा, अकोला करत चार-पाच तासांत पोचता. अकोल्यानंतर खिडकीशी बसा, भाऊ कवर हाच रस्ता चार वाजेपर्यंत जीव मुठीत धरून गेला होता. सोबत भाकरी न्या.

पोथी परत कापडात बांधून ठेवताना पेन्सिलच्या खुणा पुसू नका. माझ्याकडच्या पोथीत सोळाव्या अध्यायापाशी सासूबाईंच्या अक्षरात समासात लिहिलेलं आहे, 'कांदे विसरू नको.'