मुलानं ‘बस्ला’ लिहिलं तर

पर्वतीच्या पायथ्याशी माझ्या घरी रोज संध्याकाळी पहिली-दुसरीतली पाच-सहा मुलं येतात. परवा एका मुलीनं पाटीवर लिहिलं, ‘मोती खाली बस्ला.’ न्यायला आलेल्या आईचा चेहराच पडला. “बाई, रोज घोकून घेते हो.” मी म्हटलं, पुसू नका. आपण बोलतो ‘बस्ला’च. ‘करतो’चं ‘कर्तो’ करतो, ‘गुडघा’चं ‘गुड्घा’. पोरीनं ऐकलं तेच लिहिलं, म्हणजे तिचा कान तयार आहे. अर्धं काम झालंय!

अशा वेळी शब्द लांबवून म्हणायचा, दुरून हाक मारल्यासारखा. ब... स... ला. प्रत्येक अक्षराला एक टाळी. टाळ्या किती? तीन. मग पाटीवर घरंही तीन. दहा वेळा लिहायला लावू नका, त्यानं फक्त हात दुखतो.

अगदी सुरुवात करणार असाल तर पहिले काही दिवस पेन्सिल बाजूला ठेवा. मंडईतून आणलेली पिशवी मुलासमोर रिकामी करा आणि ‘क’नं सुरू होणारं काय काय आहे ते शोधू द्या. काकडी, कांदा, कोथिंबीर. मग शेवटचा आवाज ओळखायचा, तो जरा अवघड जातो. हे जमलं की क, म, ल, न एवढीच अक्षरं आणि काना. तेवढ्यावर नाक, कान, काका, मामा, कमान वाचून होतं, आणि आपल्याला वाचता येतं हे मुलाला त्याच दिवशी कळतं. बाराखडी त्यानंतर. आधीच पाठ केलेल्या मुलाला मधलाच ‘कु’ विचारून बघा, तो पुन्हा ‘क, का, कि, की’पासून म्हणत येतो.

च आणि ज यांचं मुलाला आधीच सांगून टाका. ‘चहा’तला च वेगळा, ‘चमचा’तला वेगळा, अक्षर मात्र एकच. न सांगितल्यास मूल दुसरं अक्षर शोधत बसतं.

ऱ्हस्व-दीर्घाची घाई नको. वाचन सुरळीत झालं की जोड्या समोर ठेवा: फूल-फुलाला, वीट-विटेवर, मूल-मुलाला. शब्द पुढे वाढला की आधीचा दीर्घ ऱ्हस्व होतो, हे मुलं स्वतःच शोधून काढतात. गुण, विष असे संस्कृतातून आलेले शब्द तसेच राहतात, ते येतील तसे सांगायचे. शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाणी, लाडू, कवी. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’ असे थोडे शब्द वेगळे. आजोबा ‘कवि’ लिहीत असतील तर त्यांना चूक म्हणू नका. शासनानं 1962 साली नियम मान्य केले, त्याआधी शाळेत तसंच शिकवत.

जोडाक्षरांना मी पुस्तक घेतच नाही. पीएमपीच्या बसवरच्या पाट्या घेते. ‘स्वारगेट’मध्ये अर्धा स, ‘कात्रज’मध्ये त्र. ‘पर्वती’ सगळ्यांत गमतीची, कारण र ऐकू येतो आधी आणि जाऊन बसतो पुढच्या व च्या डोक्यावर. ‘बस्ला’ लिहिणारी ती मुलगी काल स्टॉपवर माझा हात सोडून पाटीकडे बघत होती. तिनं तीन टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, “बाई, र वर का चढला?”

मी तिच्या तळहातावर बोटानं आधी व काढला, मग त्यावर रफार दिला. तिनं लगेच माझा हात ओढून त्यावर ‘सर्व’ लिहिलं.