बैठक कुणाच्या ओट्यावर?

मी ब्लाउज शिवते, पंचवीस वर्षं झाली. वस्तीतल्या जवळपास प्रत्येक घरातल्या बाईचं माप माझ्या वहीत आहे. माप देताना बाई जे बोलते, ते सभेत माईक हातात दिला तरी बोलत नाही. वस्ती संघटित कशी करायची, हे विचारायला हल्ली तरुण पोरं-पोरी येतात. मोबाइलमध्ये फॉर्म तयार करूनच आणतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. शहराचं नाव मुद्दाम टाकत नाही. जळगाव, धुळे, भुसावळ, कुठलंही धरा. सगळीकडे एक रस्ता असतो, अलीकडे वस्ती, पलीकडे कॉलनी, आणि जमिनीखालून जाणारी पाइपलाइन एकच.

पहिलं सांगणं, लगेच बैठक बोलवू नका. महिनाभर नुसतं फिरा. वेळ मात्र बघून. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो, दुपारी दार कोण उघडणार? पाणी सुटायच्या वेळी नळावर जा, किंवा रात्री जेवणं आटोपल्यावर. 'तुमच्या समस्या काय?' असं विचारलंत तर 'काही नाही' एवढंच उत्तर मिळेल. मी आमच्या अहिराणीत विचारते, "तुम्हनाकडे पानी कितला येळ येस?" मग बाई नळाचं सांगते, नळावरून गटारीचं, गटारीवरून पोराच्या तापाचं.

घरी आल्यावर लिहून काढा. नाव, गल्ली, घरात माणसं किती, कोण कुठे कामाला जातं. आमच्याकडे कुणी चटईच्या कारखान्यात, कुणी डाळ मिलमध्ये, कुणी सेंट्रिंगवर, कुणी चार घरची धुणीभांडी. पाळ्या वेगळ्या, त्यामुळे घरी असायच्या वेळाही वेगळ्या. शेवटचा रकाना 'कोण कुणाचं ऐकतं' असा ठेवा, सगळ्यात कामाचा तोच. वस्तीत वजन नगरसेवकाच्या माणसाचं आहे, असं मला वाटायचं. वही भरली तेव्हा कळलं, अर्ध्या बाया एका म्हातारीचं ऐकतात. उन्हाळ्यात बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजायला लागलं की तिला विचारल्याशिवाय कुणी मीठ टाकत नाही. तिच्या घरी मी आधी जायला हवं होतं.

प्रश्न एकच निवडा, आणि हातात मावेल एवढाच. 'पाणी द्या' हा प्रश्न नाही, ती घोषणा झाली. 'पहाटे चारला सोडता ते सहाला सोडा', 'खालच्या टोकाला वेगळा व्हॉल्व्ह बसवा', हे प्रश्न. साहेबाला हो किंवा नाही म्हणावं लागेल, असं काहीतरी मागा.

आता बैठकीचं. इथे मी स्वतः चुकले, म्हणून जरा लांबवते.

पहिली बैठक मारुतीच्या पारावर घेतली. चाळीसेक बाया आल्या, मी खूश. खालच्या गल्लीतून एकही नव्हती. मी म्हटलं, त्यांना गरज नसेल. दुसऱ्या बैठकीलाही तेच. मग त्या गल्लीतली एक कॉलेजची पोरगी ड्रेस आल्टर करायला आली. टाचण्या लावत होते, तेव्हा ती सहज म्हणाली, "आक्का, तुम्ही आमच्याकडे कधी चहा घेतला का?"

माझ्या हातातली टाचणी तशीच राहिली. आम्ही तालुक्याकडचे पाटील, शेत विकून शहरात आलो. खालच्या गल्लीत भिल्ल, मातंग आणि बौद्ध घरं. अकरा वर्षं त्या गल्लीत मी मापं घ्यायला जात होते. दारातच, उभ्या-उभ्या. आत बसू नकोस असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, ते घरात बघून-बघून हाताला लागलेलं असतं.

तिसरी बैठक त्या गल्लीत ठेवली, पत्र्याच्या शेडखाली, सतरंजी टाकून. आमच्या गल्लीतल्या चाळिसातल्या नऊ आल्या. पाण्याचे ग्लास भरलेलं ताट फिरलं. माझी शेजारीण म्हणाली, "मी आत्ताच पिऊन आले." मी प्यायले, नंतर चहाही घेतला. यात मोठेपणा कसला? अकरा वर्षं उशीर झाला होता.

तेव्हापासून आमचा नियम आहे. दोन्हीकडची संख्या सारखी होईपर्यंत बैठक खालच्याच गल्लीत, त्यानंतर पाळीपाळीने. आणि नळाच्या शेवटच्या टोकाला ज्याचं घर, तो आधी बोलणार. पहिल्या टोकाचे लोक आधी बोलले की शेवटचे म्हणतात, "आमचंही तेच." प्रत्यक्षात त्यांचं तेच नसतं.

तारीख ठरवताना सगळ्यांचं पंचांग बघा. मी एकदा श्रावणात कानबाईच्या, आमच्या खानदेशातल्या देवीच्या, सणाच्या रविवारी बैठक लावली. सगळ्या घरी रोटांचा नैवेद्य चाललेला, सतरंजीवर मी आणि एक कुत्रं. तडवी, म्हणजे मुसलमान भिल्ल, कुटुंबं असतील तर शुक्रवारची दुपार सोडा.

मग मोजा. 15 लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. आमच्या खालच्या टोकाला बादली भरायला चार मिनिटं लागायची. पाणी 45 मिनिटं, म्हणजे 11 बादल्या, 165 लिटर. घरात पाच माणसं, पाणी तीन दिवसांतून एकदा. 165 ला पाच गुणिले तीन, म्हणजे 15 ने भागा. माणशी दिवसाला 11 लिटर! भुयारी गटार असलेल्या शहरासाठी सरकारी मापदंड माणशी 135 लिटरचा आहे, आणि सार्वजनिक नळावर भरणाऱ्यांसाठीही तो 40 चा.

कॉलनीतही मोजलं. आमच्याच बाया तिथे भांडी घासतात, पण चोरून मोजायचं नाही, घरमालकिणीला विचारून. तिथे बादली 40 सेकंदांत भरत होती. तेवढाच वेळ आणि तेवढीच माणसं धरून हिशेब केला तर माणशी 67 लिटर निघाले. आमच्या सहापट, तरी 135 च्या निम्मेच. हा कागद घेऊन गेलो तेव्हा कॉलनीतल्या दोन निवृत्त मास्तरांनी आमच्या निवेदनावर सही केली. नुसतं 'अन्याय, अन्याय' म्हणत गेलो असतो, तर दार लावून घेतलं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. माहिती अधिकाराचा अर्ज 2005 च्या कायद्याखाली करतात, शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे कहाणी लिहीत बसू नका. तीन वर्षांत तुमच्या प्रभागात कुठे किती खर्च झाला, आणि दुर्बल घटकांसाठी राखायचा 5 टक्के निधी कशावर गेला, एवढं विचारा, दोन वेगळ्या अर्जांत. उत्तर 30 दिवसांत यायला हवं, नाही आलं तर अपील. निवेदनाच्या दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांपुढे तक्रार मांडायचा दिवस, असतो, तिथे आधीच्या अर्जाची पोच लागते.

तुमचा प्रश्न हातगाडीचा असेल तर पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा वाचून घ्या. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले लागतात, आणि त्यांच्यात एक तृतीयांश बाया. ही समिती कागदावर तरी आहे का, तिथूनच सुरुवात करा.

वस्तीचं नाव अजून जातीवरून असेल, तर तेही घ्या. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने अशी नावं बदलायचा निर्णय घेतला. नोकरीच्या अर्जावर पोरगा पत्ता लिहितो तिथेच त्याची जात कळते, हे त्याच्याशिवाय कुणाला टोचत नाही. पण नवं नाव त्या गल्लीतल्यांनीच ठरवावं. बाहेरच्या पुढाऱ्याने बारसं करू नये.

भेटायला जाताना पाच जण, आणि त्यात दोन तरी बाया. एकदा साहेबांनी निरोप पाठवला, "एकानेच आत या." आमचा बोलका भाऊ आत गेला आणि हसत बाहेर आला. टँकर मिळणार म्हणाला. टँकर आला, फक्त त्याच्याच गल्लीत. भाऊ वाईट नव्हता, आत खुर्ची मिळाली आणि तो विरघळला. आता जातील तर पाचही, नाही तर कुणीच नाही. निघताना ठरलेलं मोठ्याने परत म्हणायचं आणि तिथेच लिहून घ्यायचं.

वर्गणी महिना 10 रुपये, हिशेब दर बैठकीत वाचून दाखवायचा. निवडणुकीत मत ज्याला द्यायचं त्याला द्या, सतरंजीवर झेंडा आणू नका.

पोरं म्हणतात, आक्का, हे फार सावकाश चाललंय. मी त्यांना नंदुरबारकडच्या शहाद्याचं सांगते. 1972 मध्ये तिथे आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, तिच्यामागे अंबरसिंग सुरतवंती यांचं पाड्यापाड्यात भजनं गात फिरणं होतं. दारूची मडकी फोडायला बाया निघाल्या त्या नंतर. भजन म्हणायला एकत्र बसता आलं, म्हणून पुढे जमिनीसाठी उभं राहता आलं.

आमचा व्हॉल्व्ह चौदा महिन्यांनी बसला. पाणी अजून तिसऱ्या दिवशीच येतं, पण खालच्या टोकाची बादली आता दीड मिनिटात भरते. गेल्या बैठकीत गटारीचा विषय होता, खालच्या गल्लीतच. माझी ती शेजारीण उशिरा आली, चपला काढल्या, स्टोव्हजवळ बसली आणि चहा करणारीला म्हणाली, "मन्हा चहामा साखर कमी टाक व माय, माले शुगर शे."