दारावर अनोळखी माणूस आलाय? या चुका टाळा

नाशिकमधली सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडची रो-हाऊसं दुपारी सामसूम असतात. कामावरची माणसं अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, मुलं शाळेत, घरात आजी-आजोबा नाहीतर एकटी बाई. फसवायला येणारा हीच वेळ गाठतो.

आपण मात्र आधी कडी काढतो आणि मग "कोण आहे?" विचारतो. हा क्रम आजच बदला. जाळीचं दार लावलेलं ठेवूनही सगळं बोलता येतं. एकच लाकडी दार असेल तर साखळी आणि आय-होल बसवून घ्या. तो खर्च पुढे ढकलू नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते "दागिने उजळून देतो" म्हणणाऱ्यांकडून. हे लोक थेट सोनं मागत नाहीत. आधी पितळेची समई फुकट लखलखीत करून दाखवतात, आणि विश्वास तिथेच बसतो. मग पाळी येते बांगड्यांची. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात, म्हणजे आम्लराजात, सोनं विरघळतं. बांगडी चकाकून परत मिळते, पण तिचं वजन घटलेलं असतं, आणि विरघळलेलं सोनं त्या द्रावणाबरोबर तो माणूस घेऊन जातो. दुसऱ्या प्रकारात दागिने हळदीच्या पाण्यात, कुकरमध्ये ठेवल्यासारखं दाखवतात आणि "थोड्या वेळानं उघडा" असं सांगतात. झाकण निघेपर्यंत ते पसार झालेले असतात. सोनं उजळायचंच असेल तर सराफ बाजारात ओळखीच्या सोनाराकडे जा, आधी आणि नंतर वजन करून घ्या. अंगावरचं सोनं दारात उतरवायचं नाही, कोणीही सांगितलं तरी. "पुढच्या गल्लीत चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणणारा साध्या वेशातला 'पोलीस'ही त्यात आला. खरे पोलीस असं सांगत नाहीत.

वीज किंवा गॅस कंपनीतून आलोय म्हणणाऱ्याचं ओळखपत्र पाहून निर्धास्त होणं हीसुद्धा चूकच. तसलं कार्ड कोणीही छापून घेतो. त्यानं दिलेल्या नंबरावर फोन केलात तर पलीकडे त्याचाच साथीदार असू शकतो. नंबर आपल्या बिलावरचा किंवा गॅसच्या पुस्तकावरचा घ्या. विजेसाठी 1912 आहे. "आत्ता पैसे द्या, नाहीतर लाईट तोडतो" अशी घाई कोणी केली तर लक्षात ठेवा, थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 2003 च्या वीज कायद्यानुसार पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तुमची चौकशी होईपर्यंत खरा कर्मचारी बाहेर थांबतो.

पाणी मागितलं तर जरूर द्या. एप्रिल-मेच्या उन्हात जिने चढून आलेल्या कुरिअरवाल्या पोराला नाही म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. फक्त आत जाताना दार उघडं टाकू नका. उन्हाळ्यात पाण्याची बाटली दाराबाहेरच्या ओट्यावरच ठेवली की प्रश्नच मिटतो.

"घरात कोणी नाही, मुलगा संध्याकाळी येईल" हे वाक्य आजींना आवर्जून टाळायला सांगा. त्याऐवजी "ते आत झोपलेत, नंतर या" एवढं पुरे. 2027 च्या सिंहस्थाच्या नावानं अन्नछत्राची पावती घेऊन कोणी आलं तर दान दारात देऊ नका. त्या आश्रमात किंवा देवस्थानात स्वतः जाऊन द्या.

आणि माणूस आत आलाच असेल तर? वाद घालू नका. काहीतरी निमित्त काढून तुम्हीच बाहेर पडा, शेजारच्या काकूंना मोठ्यानं हाक मारा आणि 112 लावा. दागिने गेले असतील तर ज्यात ते बुडवले होते ते भांडं घासू नका, त्यातलं पाणी फेकू नका, त्यात हातही घालू नका; आम्लानं हात भाजतो आणि पुरावाही जातो. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं त्या दिवसाचं चित्रण लगेच वेगळं काढून ठेवायला सांगा, कारण जुन्यावर नवं चढत जातं. तक्रार जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो तिकडे पाठवतात, म्हणून "आमच्याकडे येत नाही" असं ऐकून परत फिरू नका.