प्रवास आणि सादरीकरणासाठी लॅपटॉप निवडताना
गावोगावी जाऊन सादरीकरणे करणाऱ्याने प्रोसेसरच्या आधी लॅपटॉपच्या कडेची पोर्ट, म्हणजे केबल जोडायच्या जागा, पाहावीत. एचडीएमआय, म्हणजे प्रोजेक्टरला चित्र आणि आवाज नेणारे पोर्ट, असेल तर उत्तमच. नसेल तर यूएसबी-सी पोर्टमधून प्रोजेक्टरला चित्र जाते का, हे तपशीलपत्रकात तपासावे, कारण काही यूएसबी-सी पोर्ट केवळ चार्जिंग आणि डेटापुरतीच असतात. जुन्या सभागृहांतील प्रोजेक्टरला बरेचदा व्हीजीए ही जुनी चित्रजोडणीच लागते, तेव्हा अ‍ॅडॉप्टर बॅगेत हवाच. वजन चार्जरसह धरावे. जाहिरातीत चार्जरचे वजन सहसा वगळलेले असते. रॅम १६ जीबी घ्यावी, कारण हलक्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा मदरबोर्डवर पक्की बसवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. विमानप्रवास असेल तर बॅटरी १०० वॉट-तासांच्या आतली असावी.