प्लेटलेटमधलं कॅल्शियम मोजण्याआधी

बेळगावात डिसेंबरची सकाळ चांगलीच गार असते. खानापूरहून पहिल्या गाडीनं, चहासुद्धा न घेता आलेला माणूस समोर बसून बाही वर करतो. ऑक्सिडाइझ्ड एलडीएलनं (ऑक्सिडेशन झालेल्या, कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांनी) प्लेटलेटमधलं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींमधलं, कॅल्शियम चढतं का, ते आम्ही मोजतो. त्यासाठी दिलेलं त्याचं रक्त वाया जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

सुईआधी गोळीचं विचारा. मी दोन्ही भाषांत विचारते: “गोळी घेतलीसा काय?”, “गुळगी तोगोंडीरेनु?” नुसतं ‘औषध’ म्हटलं, की डोकेदुखीची गोळी लोक त्यात धरत नाहीत. आणि त्या गोळीत ॲस्पिरिन असलं, तर ते लागलेली प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, मंदच राहते.

21 गेजची सुई घ्या, पहिलं दोन-तीन मिली रक्त बाजूला काढा, मग नऊ भाग रक्ताला एक भाग 3.2 टक्के सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण. ट्यूब प्लास्टिकची. फ्रिज अजिबात नको. गारठ्यानं प्लेटलेटचा आकार बदलतो आणि आतलं कॅल्शियम आपसूक चढतं. हिवाळ्यात मी द्रावणं आधी कोमट करून ठेवते.

एवढी जपणूक का? शांत प्लेटलेटच्या आत मोकळं कॅल्शियम साधारण 100 नॅनोमोलर, बाहेर मात्र एक मिलीमोलरच्या वर. हा दहा हजारपट फरक पंप सतत सांभाळत असतात. ऑक्सिडाइझ्ड एलडीएल प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या सीडी-36 या प्रथिनाला चिकटलं, की आत सार्क काइनेज आणि फॉस्फोलायपेज-सी ही विकरं जागी होतात, साठ्यातलं कॅल्शियम सुटतं; साठा रिकामा झाल्याचं स्टिम-1 या प्रथिनाला कळतं, ते ओराय-1 या प्रथिनाचं दार उघडतं आणि बाहेरचंही आत येतं.

आता सगळ्यांत नाजूक काम: कॉपर सल्फेटनं एलडीएलचं ऑक्सिडेशन करणं. एलडीएल बहुधा ईडीटीए, म्हणजे तांबं-कॅल्शियमसारखे धातू पकडून ठेवणारं रसायन, घालून ठेवलेलं असतं. ते डायलिसिसनं, म्हणजे पातळ पडद्यातून गाळून, काढल्याशिवाय कॉपर सल्फेट काम करत नाही. पुढे ऑक्सिडेशन थांबवायला आपणच पुन्हा ईडीटीए घालतो, तेव्हा परत डायलिसिस हवंच. एकदा मी ते घाईत उरकलं. आलेख सपाट आले, आणि ऑक्सिडाइझ्ड एलडीएलचा काही परिणाम नाही असं मी दोन महिने धरून चालले. उरलेलं ईडीटीए बाहेरचं कॅल्शियम गिळत होतं. सहा जणांचं रक्त गेलं. ते मला अजून लागून आहे.

तेव्हापासून प्लेटलेटला हात लावण्याआधी मी एक चाचणी करते. क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या पारदर्शक कुपीत, नुसतं फ्युरा-2 (कॅल्शियम चिकटलं की चमक बदलणारा रंग) आणि थोडंसं कॅल्शियम, त्यात तयार एलडीएलचा थेंब. 340 आणि 380 नॅनोमीटरच्या प्रकाशात मिळणाऱ्या चमकेचं गुणोत्तर घसरलं, तर ईडीटीए उरलंय. दोन्हींची चमक मंदावली, तर उरलेल्या तांब्याचा संशय घ्या. दोन्ही वेळी पुन्हा डायलिसिस.

मग प्लेटलेटवर मोजणी. आधी बाहेर ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) ठेवून बघा: चढ आला, तर तो साठ्यातला. नंतर ईजीटीएला पुरून उरेल इतकं कॅल्शियम घाला: पुढचा चढ बाहेरून आलेला. शेजारी तुलनेसाठी त्याच प्रथिन-मात्रेचं साधं एलडीएल आणि नुसतं डायलिसिसचं द्रावण, दोन्ही त्याच माणसाच्या प्लेटलेटवर, त्याच सकाळी चालवा.