मॉर्डहाइम: मुडद्यांची टोळी उभी करताना पैसा जिवंतांवर घाला

मॉर्डहाइम या बाहुल्यांच्या लढाईच्या खेळात मुडद्यांची टोळी घ्यायची ठरवली की नवखा खेळाडू आधी झोंबी मोजायला लागतो. झोंबी १५ क्राऊनला (हे खेळातलं चलन) एक, हातात ५०० क्राऊन, म्हणजे टेबलभर प्रेतं. माझा भाचा अजून तेच करतो. "मामा, दोन झोंबी वाढव ना, स्वस्त आहेत." स्वस्त आहेत कारण ते काही शिकत नाहीत. कॅम्पेन, म्हणजे त्याच टोळीच्या एकामागून एक लढाया, लांबलं की दुसऱ्यांच्या टोळ्या तरबेज होत जातात आणि आपले झोंबी पहिल्या दिवशी जसे होते तसेच राहतात.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम्स वर्कशॉपने १९९९ मध्ये काढलेला खेळ, मुख्य रचना तुओमास पिरिनेनची. धूमकेतू पडून उद्ध्वस्त झालेलं शहर, ढिगाऱ्यांत विखुरलेले वर्डस्टोन या जादुई दगडाचे तुकडे, आणि ते वेचायला आलेल्या टोळ्या. २८ मिमीच्या बाहुल्या, साधे सहा बाजूंचे फासे, ४ बाय ४ फुटांचं टेबल. प्रत्येक लढाईनंतर जखमा, अनुभव आणि कमाईची नोंद होते आणि तीच टोळी पुढच्या लढाईला उतरते. मजा या नोंदवहीत आहे.

माझी खरेदी अशी. व्हँपायर ११०, नेक्रोमॅन्सर (मुडदे उठवणारा मांत्रिक) ३५, तीन ड्रेग (व्हँपायरचे नोकर) प्रत्येकी २०, झाले २०५. दोन डायर वुल्फ (मुडदे लांडगे) १००, दोन घूल (प्रेतं खाणारे) ८०, झोंबी फक्त तीन, ४५. उरले ७०. व्हँपायरला तलवार १०, हेल्मेट १०, हलकं चिलखत २०. दोन ड्रेगना धनुष्य २०, तिघांना गदा मिळून ९. एक क्राऊन शिल्लक, तो खिशात. नेक्रोमॅन्सरला चिलखत घालू नका, मंत्र म्हणता येत नाही. घूल, लांडगे आणि झोंबी शस्त्र घेतच नाहीत, त्यामुळे सामानाचा सगळा पैसा पाच जणांवरच जातो.

या यादीतले खरे मालक ते तीन ड्रेग आहेत. व्हँपायरची चाकरी करणारी कंगाल माणसं, अंगात फारसं बळ नाही, नेमबाजी तर विचारूच नका. धनुष्य द्यायचं ते फक्त शत्रूने डोकं खाली ठेवावं म्हणून. पण नियमांत ते हीरो आहेत. म्हणजे काय, ते बघा. झोंबी पडला की लढाईनंतर एक फासा टाकायचा, १ किंवा २ आला की तो कायमचा गेला. तीनातला एक जातो. ड्रेग पडला तर ३६ पैकी फक्त पाच निकालांत मरतो. वर्डस्टोन शोधायचे फासे हीरोंनाच मिळतात, तेही लढाईत न पडलेल्यांना. आणि ड्रेगचा अनुभव शून्यापासून सुरू होतो, दोन गुण झाले की पहिली बढती. व्हँपायर २० वर सुरू होतो, त्याला पुढची पायरी गाठायला जास्त लागतं. घूलसुद्धा शिकतात, आणि फासे मेहरबान झाले तर त्यातला एखादा हीरो होतो. हीरो सहापर्यंत चालतात, आपल्याकडे एक जागा मोकळीच आहे.

टोळी बाराची ठेवण्यामागे आणखी एक कारण. वर्डस्टोन विकताना टोळी जितकी मोठी तितका नफा कमी, आणि दहा ते बारा हा एक टप्पा आहे. तेरावा झोंबी १५ क्राऊनचा नसतो, तो दर लढाईला हप्ता घेतो.

आता बाहुल्या. मी ठाण्यात नौपाड्यात दातांची लॅब चालवतो, कवळ्या आणि क्राऊन (ते दुसरे क्राऊन) बनवतो. त्यामुळे रेझिनचा प्रिंटर, अल्ट्राव्हायलेट पेटी आणि लेक्रॉन कार्व्हर (मेण कोरायचं बारीक हत्यार) हाताशी असतात. तुमच्याकडे नसतील तर प्रिंट करून देणारं कोणीतरी आजकाल सापडतं. घेताना एवढंच बघा की प्रिंट आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट धुतलेला आणि कडक झालेला आहे. बोटाला चिकट लागला तर परत करा. फाटके कपडे, लोंबणारं मांस, मातीची ढेकळं हे सगळं एम-सीलने होतं, तेच नळाला लावतो ते. ग्लोव्ह्ज घालून मळा, हत्यार पाण्यात बुडवत राहा, आणि थोडं थोडंच घ्या, कारण आपल्या उकाड्यात ते भराभर घट्ट होतं. कार्व्हर नसेल तर टूथपिक चालते. तळाला कोटाची मोठी सपाट बटणं, जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतात.

रंगाला फेव्हिक्रिल पुरेसा आहे, फक्त पाणी घालून पातळ करा आणि दोन हात द्या. कातडीला पांढरा, यलो ऑकर आणि जरासा सॅप ग्रीन. वाळल्यावर बर्न्ट अंबरचं गढूळ पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ते सगळ्या खाचांत उतरू द्या. दात मात्र शुभ्र करू नका, हे मी धंद्याने सांगतो. दातांचा रंग जुळवायच्या आमच्या शेड गाइडमध्ये सी-फोर नावाची राखाडी-तपकिरी छटा असते, झोंबीला तिच्याही पुढे जायला हरकत नाही. व्हँपायरचे सुळे तेवढे स्वच्छ ठेवा, तो घराण्याचा माणूस आहे.

जून ते सप्टेंबर स्प्रेला हात लावू नका. ठाण्याच्या दमट हवेत मॅट व्हार्निशवर पांढुरकं धुकं बसतं आणि सगळी मेहनत पिठात लोळल्यासारखी दिसते. पावसाळ्यात प्रायमर आणि व्हार्निश दोन्ही ब्रशनेच.

पडक्या इमारती सनबोर्डच्या किंवा फ्रिजच्या पॅकिंगमधल्या थर्मोकोलच्या. थर्मोकोलला फेव्हिक्विक लावलं तर ते विरघळतं, फेव्हिकॉलच लावा. दिवाळीचा किल्ला केलेल्यांना बाकी शिकवायला नको: गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर टाकायचं, कोरडं झालं की ढिगारा तयार. किल्ल्यावरचे मावळे आकाराने मोठे पडतात, पण मुंडकं उडवून करडा रंग दिला की चौकातला पुतळा होतो. इमारतींना मजले ठेवा. सपाट मैदानावर मॉर्डहाइम खेळू नये.

खेळताना आपलं मुख्य हत्यार भीती आहे. व्हँपायर, लांडगे, घूल, झोंबी सगळेच भीती पसरवतात. शत्रूला आपल्यावर चालून यायचं तर आधी दोन फाशांवर धैर्याची चाचणी; नापास झाला की जागच्या जागी. आणि आपण चाल केली, तो नापास झाला, तर त्या पहिल्या फेरीत त्याला फक्त सहावरच फटका लागतो. म्हणून पहिली चाल आपली हवी. लांडगे १८ इंचांवरून झडप घालतात आणि त्या खेपेला दोन हल्ले करतात. त्यांना भिंतीआड दडवा आणि शत्रूच्या धनुर्धरांवर सोडा. झोंबी धावू शकत नाहीत, ते गल्लीच्या तोंडाशी बुचासारखे उभे करा. व्हँपायर लांडग्यांच्या मागोमाग, एकट्याने पुढे कधीही नाही. ड्रेग मागच्या मजल्यावर. त्यांना मुडद्यांसारखं निर्भय समजू नका, ती माणसं आहेत, घाबरतात.

बारापैकी तीन पडले की पळ काढण्याची चाचणी सुरू होते. नेत्याचं धैर्य ८ आहे, बहुतेक वेळा निभावतं, पण निभावायलाच हवं असं नाही. चाचणीची वेळ आली की स्वतःहून माघार घेता येते, आणि मी ती बिनदिक्कत घेतो. जिंकणाऱ्याला शोधाचा एक जादा फासा आणि त्याच्या नेत्याला अनुभवाचा एक गुण मिळतो, मुख्यतः एवढाच फरक; पाचही हीरो उभे असतील तर हरूनही पाच फासे आपले.

पहिल्या कमाईत झोंबी विकत घेऊ नका. आधी तिसऱ्या ड्रेगला धनुष्य, मग हेल्मेटं. नवा झोंबी घ्यावासा वाटलाच तर नेक्रोमॅन्सरला री-ॲनिमेशनचा मंत्र मिळाला आहे का ते आधी बघा. लढाईतच ताजा पडलेला झोंबी त्याने फुकटात उठतो.

आमचा कॅम्पेन ऐरोलीला एका मित्राकडे चालतो. बटणांच्या खाली छोटे मॅग्नेट चिकटवा आणि टोळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उभी करा, लोकलच्या धक्क्यांत हलत नाही. डबा मांडीवर घ्या, वरच्या रॅकवर नको.